‘गीतारहस्या’तील धर्मसंकटे

मराठी घरातल्या पुस्तकांच्या कपाटात ‘गीतारहस्य’ बहुधा असते, आणि बहुधा ते सर्वांत वरच्या फळीवर असते. लोकमान्यांविषयीच्या आदरामुळे ते विकत घेतले जाते, गीतेविषयीच्या आदरामुळे जपले जाते, आणि या दोन आदरांच्या ओझ्याखाली वाचायचे मात्र राहून जाते. गीतेचा टिळकांनी लावलेला अर्थ खरा की शंकराचार्यांनी लावलेला, या वादात मला शिरायचे नाही. त्यासाठी पंडित समर्थ आहेत. मला सांगायचे आहे ते निराळेच. या जाडजूड ग्रंथाचा पहिला भाग हा नीतिशास्त्राची मराठीत झालेली सर्वांत रसाळ तोंडओळख आहे, असे माझे मत आहे. आणि त्या तोंडओळखीत एक मोठी फट राहून गेली आहे, असेही माझे मत आहे.

मराठीत या विषयावर दुसरे पुस्तक नाही असे नव्हे. वामन मल्हार जोशी यांचा ‘नीतिशास्त्रप्रवेश’ १९१९ साली प्रसिद्ध झाला. वामनरावांना हा विषय इतका जिव्हाळ्याचा, की त्यांच्या कादंबऱ्यांतील माणसेही तत्त्वचर्चा करताना थकत नाहीत. पण वामनराव शिकवतात, आणि टिळक भांडतात. भांडण ऐकायला माणसे आपणहून गोळा होतात, हा आपला सर्वांचा अनुभव आहे.

टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेण्यात आले. तेथे १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी हा ग्रंथ पेन्सिलीने वह्यांत लिहून काढला. १९१४ साली ते सुटले, आणि १९१५ साली ग्रंथ छापून निघाला. हा इतिहास सर्वांना पाठ आहे. त्यातला एकच धागा मला येथे हवा आहे. हे लिहिणारा माणूस कायद्याचा पदवीधर होता, आणि आपल्या कृत्याबद्दल शिक्षा भोगत असताना तो लिहीत होता. ‘मी केले ते योग्य होते काय?’ हा प्रश्न त्याच्यापुढे पुस्तकातून आलेला नव्हता.

म्हणूनच की काय, ‘कर्मजिज्ञासा’ या दुसऱ्या प्रकरणात टिळक व्याख्येपासून आरंभ करीत नाहीत. ते पेचांपासून आरंभ करतात. आणि गंमत अशी, की गीतेवरच्या या ग्रंथात प्रथम भेटतात ते शेक्सपिअरचे हॅम्लेट आणि कोरायोलेनस. बापाचा खून करून आईशी लग्न करणाऱ्या चुलत्याचे काय करावे, हा एकाचा पेच. ज्या रोमने हाकलून दिले त्या रोमवर शत्रूचे सैन्य घेऊन चालून गेल्यावर आई समोर येऊन उभी राहिली तर काय करावे, हा दुसऱ्याचा. अर्जुन हा या मंडळींतला तिसरा. कुरुक्षेत्रावरचा पेच ही भरतखंडाची खास मिरासदारी नाही, माणूस म्हणून जन्माला आलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला तो कधीतरी येतो, हे टिळकांनी पहिल्याच पावलात वाचकाच्या मनावर ठसवले आहे.

त्यानंतर ते एकेक सर्वमान्य नियम घेतात आणि त्याला टाचणी लावतात. हिंसा करू नये? पण घरात घुसून जीव घेऊ पाहणाऱ्याचे काय? चोरी करू नये? पण विश्वामित्राचे काय? ही विश्वामित्राची कथा शांतिपर्वात आहे. बारा वर्षांचा दुष्काळ पडलेला, आणि भुकेने व्याकूळ झालेला हा ऋषी रात्री एका चांडाळाच्या झोपडीत शिरून कुत्र्याची तंगडी चोरू पाहतो. चांडाळ जागा होतो आणि ऋषीला शास्त्र सांगू लागतो, की हे तुम्हांला अभक्ष्य आहे! विश्वामित्राचे उत्तर असे, की जगलो तर धर्म करता येईल. आधी जगू द्या. टिळकांनी ही कथा प्राणरक्षणाच्या मुद्द्यासाठी घेतली आहे, आणि तेवढ्यापुरते ते ठीकच. पण मला त्या कथेत सर्वांत मोलाचा वाटतो तो चांडाळ. त्या रात्री शास्त्र त्याला पाठ आहे, आणि ज्याने ते पाठ करायचे तो त्याच्या दारात चोर म्हणून उभा आहे. महाभारतकाराच्या या थट्टेकडे टिळक थांबून पाहत नाहीत. वकिलाला साक्षीदाराच्या तोंडून हवे तेवढे निघाले, की तो त्याला खाली बसवतो.

सत्याचा पेच याहून अवघड. दरोडेखोरांना भिऊन माणसे रानात लपली आहेत. दरोडेखोर येऊन तुम्हांला विचारतात, ‘ती कोठे गेली?’ कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट आहे. सदा खरे बोलण्याचे व्रत घेतलेल्या या गृहस्थाने खरे ते सांगून टाकले, माणसे मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. नेमका हाच प्रश्न जर्मन तत्त्वज्ञ कांट याच्यापुढे १७९७ साली आला होता, आणि त्याने उलट निकाल दिला: खुनी दाराशी येऊन विचारीत असला तरी खोटे बोलण्याचा अधिकार तुम्हांला नाही. म्हणजे व्यासांनी ज्याला नरकात धाडले त्याला कांट निर्दोष सोडतो! टिळकांना कांट फार प्रिय. कर्माची किंमत करणाऱ्याच्या शुद्ध बुद्धीवरून ठरते, हे ते वारंवार त्याच्या साक्षीने सांगतात. पण कांटची ही करडी बाजू त्यांना पेलणारी नाही, आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकी कोणालाच पेलणारी नाही.

कौशिकाची ही गोष्ट श्रीकृष्ण कोणाला आणि केव्हा सांगतो, तेही पाहण्यासारखे आहे. गांडीव दुसऱ्याला देऊन टाक असे जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. कर्णाच्या बाणांनी जर्जर झालेला युधिष्ठिर चिडून नेमके तेच म्हणतो, आणि अर्जुन थोरल्या भावावर तलवार उपसतो. कृष्ण तोड सुचवतो, की वडीलधाऱ्याला ‘अरे-तुरे’ केले म्हणजे त्याचा वधच झाला, तेवढे कर. ‘अहो-जाहो’च्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला याचे मर्म समजावून सांगायला नको. अर्जुन भावाला घालूनपाडून बोलतो, मग पश्चात्तापाने स्वतःलाच मारायला निघतो. तेव्हा कृष्ण दुसरी तोड काढतो: आपल्या तोंडाने आपली स्तुती कर, ती आत्महत्याच. या न्यायाने आपल्याकडील सत्कारसमारंभांत दरसाल किती माणसे प्राणास मुकत असतील, याचा हिशेब न केलेला बरा.

असो. चौथ्या प्रकरणात टिळक पाश्चात्त्य सुखवाद्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. पुष्कळांना पुष्कळ सुख होईल ते कर्म चांगले, हे बेंथॅम आणि मिल यांचे मत. त्यावर त्यांनी पॉल कॅरस या ग्रंथकाराकडून घेतलेले एक उदाहरण दिले आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात ट्रॅम बांधायची होती. सर्वांना हवी होती, पण सरकारी परवानगी मिळेना. तेव्हा चालकाने अधिकाऱ्यांना लाच दिली, ट्रॅम झाली, आणि लोकांची सोय झाली. पुढे लाच उघडकीस आली आणि खटला उभा राहिला. पहिल्या ज्यूरीचे एकमत होईना. दुसरी नेमावी लागली, तिने त्याला दोषी ठरवले. टिळक विचारतात, की सुखाची बेरीजच करायची तर हा मनुष्य दोषी कसा?

ट्रॅमचे आणि नीतिशास्त्राचे काय नाते आहे कोण जाणे. १९६७ साली फिलिपा फूट या इंग्रज विदुषीने ताबा सुटलेल्या ट्रॅमचे उदाहरण मांडले: चालकाने ती सरळ जाऊ देऊन पाच माणसे मरू द्यावीत, की दुसऱ्या रुळावर वळवून एक मारावा? आजही विद्यापीठांतून त्याचा कीस निघतो. पण मला विचाराल तर लाचेची ट्रॅम अधिक उपयोगाची. ताबा सुटलेली ट्रॅम आपल्या आयुष्यात येत नाही. अडलेला कागद पुढे सरकवण्यासाठी टेबलाखालून काही द्यावे काय, हा प्रश्न मात्र नळाच्या जोडणीपासून सातबाराच्या उताऱ्यापर्यंत कोठेही उभा राहतो. काम रास्त असते, आणि सर्वांच्या सोयीचेही असते.

येथवर टिळकांचा वार बिनतोड आहे. पण त्याच प्रकरणात ते आणखी एक हिशेब मांडतात, तो मला पटलेला नाही. कौरवांचे सैन्य अकरा अक्षौहिणी आणि पांडवांचे सात. तेव्हा पुष्कळांच्या सुखाकडे पाहायचे तर पांडवांनी हरणेच योग्य ठरले असते, असा त्यांचा टोला आहे. वाचताना हसू येते, पण हा न्याय झाला नाही. बेंथॅमने रणांगणावरची मुंडकी मोजायला सांगितलेले नाही. दुर्योधनाच्या राज्यात पुढे नांदणाऱ्या प्रजेचे काय झाले असते, स्त्रीची विटंबना पचवणाऱ्या राजसभेमुळे किती घरांतील स्त्रियांची झोप उडाली असती, हे सारे त्या बेरजेत धरावे लागते. प्रतिपक्षाला दुबळा करून मग पाडायचा, ही वकिली खोड टिळकांसारख्या बलवानाला शोभत नाही.

मिलचे खरे आव्हान दुसरेच आहे. बुडणाऱ्याला वाचवणाऱ्याने ते कर्तव्य म्हणून केले काय किंवा बक्षिसाच्या आशेने केले काय, त्याचे कृत्य योग्यच, असे तो म्हणतो. हेतूवरून माणसाची परीक्षा करा, कृत्याची नको. टिळकांचा सारा भर याच्या नेमका विरुद्ध, करणाऱ्याच्या बुद्धीवर आहे. आणि येथे मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या वहिनींना असाध्य आजार असल्याचे निदान झाले, तेव्हा थोरल्या बंधूंनी ठरवले, की तिला साधा अल्सर आहे असे सांगायचे. आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली पुतणी तेवढी गप्प होती. दोन दिवसांनी ती मला म्हणाली, “काका, आईला सांगायचं नाही ते आईसाठी, की बाबांसाठी?” मी तो प्रश्न बंधूंपर्यंत पोचवला. ते काही बोलले नाहीत. आठवड्याने त्यांनी स्वतःच वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, “तुम्ही सगळे एकदम इतके गोड बोलायला लागलात, तेव्हाच मला कळलं.” मग त्यांनी कपाटाच्या किल्ल्या मागवल्या आणि मुलींचे दागिने वेगळे करून ठेवले.

टिळकांचे बळ मला त्या दिवशी समजले. परिणामांची बेरीज आम्ही चोख केली होती. पण ती करणारी बुद्धी प्रेमाची आहे की भीतीची, हे कोणी तपासले नव्हते. तपासल्याबरोबर प्रश्न पालटला. पण त्यांची मर्यादाही तेथेच समजली. वहिनींच्याच एका मावसबहिणीला तिच्या मुलांनी तितक्याच निर्मळ मनाने खरे सांगितले होते, आणि तिने त्या दिवसापासून अन्नाचा घास घेतला नाही. बुद्धी दोन्हीकडे शुद्ध. सांगावे की न सांगावे, हे मात्र ती शुद्ध बुद्धी एकटी सांगू शकत नाही. माणूस कोणता, त्याचा स्वभाव काय, पुढे काय घडेल, हे पाहावेच लागते. म्हणजे मिलला मागच्या दाराने घरात घ्यावेच लागते.

ग्रंथातली फट ही अशी आहे. बाराव्या प्रकरणात, ‘सिद्धावस्था व व्यवहार’ यात, टिळक अखेरचा निकाल साम्यबुद्धीच्या स्थितप्रज्ञावर सोपवतात. सर्वांभूती आत्मवत् पाहणारा जो पुरुष, तो करील ते प्रमाण. आणि समाज अपुरा आहे, लोभी माणसांनी भरलेला आहे, म्हणून त्या पुरुषाला प्रसंगी कठोर व्हावे लागते. निर्वैर असणे म्हणजे प्रतिकार न करणे नव्हे. हे सारे तेजस्वी आहे. पण त्याची बुद्धी सम झाली आहे, हे ठरवायचे कोणी? त्यानेच? मग लाच देणारा तो ट्रॅमवालाही छातीवर हात ठेवून सांगेल, की मी लोकांसाठी केले.

ही शंका केवळ पुस्तकी नाही. जानेवारी १९२०मध्ये ‘यंग इंडिया’त टिळक आणि गांधी यांची जी चकमक झाली, ती याच ठिकाणी. राजकारण हे साधूंचे नव्हे, संसारी माणसांचे क्षेत्र आहे, आणि तेथे बुद्धाच्या मार्गापेक्षा जशास तसे हा कृष्णाचा मार्ग बरा, अशी टिळकांची बाजू. गांधींना ती मुळीच मान्य नव्हती. पुढे १९२९ साली ‘अनासक्तियोगा’ची प्रस्तावना लिहिताना गांधींनी त्याच गीतेतून अहिंसा काढली. दोघांचीही बुद्धी स्वार्थाने मळलेली होती, असे त्यांचा कडवा विरोधकही म्हणणार नाही. गीता एक, निष्कामता दोघांचीही, आणि निर्णय परस्परविरुद्ध! शुद्ध बुद्धी ही निर्णयाची गुरुकिल्ली असती, तर असे झाले नसते.

त्या अमेरिकन खटल्याचा निकाल कोण्या स्थितप्रज्ञाने दिलेला नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. साध्यासुध्या नागरिकांनी एका खोलीत बसून, कारणे ऐकून आणि कारणे देऊन तो दिला. एकदा जमले नाही तर दुसऱ्यांदा बसून दिला. दुसऱ्यापुढे आपली कारणे उघडी करून दाखवण्याची ही जबाबदारी टिळकांच्या सिद्धांतात मला कोठे ठळकपणे दिसत नाही. आणि नवल असे, की त्यांच्या लेखनात ती पानोपानी दिसते. मंडालेच्या कोठडीत एकटा बसलेला हा माणूस ‘मला पटले म्हणून खरे’ असे म्हणत नाही. मनूला, व्यासांना, मिलला, कांटला, ग्रीनला बोलावून तो त्यांच्याशी हुज्जत घालतो, आणि वाचकाला निवाड्यास बसवतो. त्यांनी सांगितलेल्या तत्त्वापेक्षा त्यांची ही रीत मला अधिक घेण्याजोगी वाटते.

सांख्यांची पंचवीस तत्त्वे आणि विश्वाची उभारणी-संहारणी यांच्यापाशी सामान्य वाचक दमतो. त्याने ती प्रकरणे खुशाल ओलांडावीत. दुसरे, चौथे आणि बारावे एवढी तीन वाचली तरी पुष्कळ झाले. दुसरे तर घरात मोठ्याने वाचावे. टिळकांची लांबलचक वाक्ये कानाने ऐकली म्हणजे सोपी होतात, कारण ती सभेत बोलणाऱ्याची वाक्ये आहेत. फराळाच्या ताटाभोवती चार पिढ्या एकत्र बसल्या असतील, तर कुत्र्याच्या तंगडीच्या गोष्टीपासून सुरुवात करावी. मुले लगेच विचारतात, की मग त्या चांडाळाने शेवटी काय खाल्ले?