साहसखेळांची पुनर्रचित इंजिने : पाठचिकित्सेच्या दृष्टीने एक विचार

पोथी हाती असावी आणि ती वाचणारा मात्र कोणी उरलेला नसावा, ही अवस्था मराठीच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. महानुभावांच्या पोथ्या कित्येक शतके सकळ लिपीत बंदिस्त राहिल्या. पोथी नष्ट झाली नव्हती, अक्षरेही पुसली नव्हती. पंथाबाहेरील वाचकाजवळ त्या अक्षरांची किल्ली नव्हती, एवढेच. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली आणि प्राचीन मराठी गद्याचे एक मोठे दालन अभ्यासकांना खुले झाले. संगणकावरील जुन्या साहसखेळांच्या बाबतीत गेल्या पाव शतकात स्वयंसेवकांनी जे कार्य केले, ते याच जातीचे आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादावयाचे आहे. परंतु कार्य याच जातीचे असेल, तर त्याला कसोट्याही पाठचिकित्सेच्याच लावल्या पाहिजेत. आणि त्या लावल्या असता गुणांबरोबर काही उणिवाही दृष्टीस पडतात.

साहसखेळ म्हणजे वाचकाने कोडी सोडवीत पुढे न्यावयाची कथा होय. विल क्राउदर याने १९७६ च्या सुमारास फोरट्रान भाषेत रचलेला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्स याने वाढविलेला गुहासंचाराचा खेळ हा या प्रकाराचा आरंभ मानला जातो. पुढे १९८७ मध्ये लुकासफिल्म गेम्स या संस्थेच्या ‘मॅनियाक मॅन्शन’ या खेळासाठी रॉन गिल्बर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘स्कम’ नावाची एक छोटी भाषा सिद्ध केली. कोणते दार केव्हा उघडावे, कोणत्या पात्राने काय बोलावे, हे सारे या भाषेत लिहावयाचे. आणि तो मजकूर वाचून प्रत्यक्ष खेळ घडविणारी आज्ञावली, म्हणजे इंजिन, प्रत्येक जातीच्या संगणकासाठी वेगळी लिहावयाची, अशी ही योजना होती. आपल्याकडील दृष्टांत द्यावयाचा तर आख्यान एक आणि कीर्तनकार अनेक. मूळ योजना केवळ श्रम वाचविण्याची होती. परंतु तिने नकळत संहिता आणि तिचा वाचक यांची फारकत केली, आणि पुढील सर्व पुनर्रचना याच फारकतीमुळे शक्य झाली.

कालांतराने ते संगणक गेले आणि त्यांच्याबरोबर कीर्तनकारही गेले. आख्याने तेवढी तबकड्यांवर राहिली. लुडविग स्ट्रिगेअस या स्वीडिश आज्ञावलीकाराने आरंभिलेल्या ‘स्कमव्हीएम’ या मुक्तस्रोत प्रकल्पाची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. मूळ इंजिनाचा लिखित मसुदा हाती नसता, त्याच्या यंत्रभाषेतील आज्ञा एकेक करून तपासावयाच्या, त्यांचा अर्थ निश्चित करावयाचा आणि तोच व्यवहार करणारे नवे इंजिन सी प्लस प्लस भाषेत लिहावयाचे, अशी ही कार्यपद्धती होती. १९९० च्या दशकातील अनेक स्कम खेळांच्या फाइलींत प्रत्येक बाइट १०५ या एकाच संख्येशी विशिष्ट तार्किक क्रियेने जोडून झाकलेला असे. हीही एक सकळ लिपीच. किल्ली सापडताच साऱ्या पोथ्या एकदम वाचता येऊ लागल्या. सिएरा कंपनीच्या खेळांसाठी स्वतंत्रपणे चाललेला ‘फ्रीएससीआय’ हा प्रकल्प २००९ मध्ये, आणि ‘ग्रिम फँडॅन्गो’ (१९९८) सारख्या त्रिमितीय खेळांसाठी चाललेला ‘रेसिड्युअलव्हीएम’ २०२० मध्ये या कार्यात विलीन झाला. काही हक्कधारकांनीही हात पुढे केला. रिव्होल्यूशन सॉफ्टवेअर या संस्थेने ‘बिनीथ अ स्टील स्काय’ (१९९४) या खेळाचा मूळ मसुदा या मंडळींना दिला, आणि २००३ मध्ये तो खेळ सर्वांसाठी विनामूल्य केला. आज वसमतसारख्या तालुक्याच्या गावी बसलेला विद्यार्थीही साध्या मोबाइलवर तो खेळू शकतो. त्यासाठी त्याला कोणत्याही परदेशी संग्रहालयाची पायरी चढावी लागत नाही.

येथवर स्तुती झाली, आता चिकित्सा. मूळ खेळांच्या संहितेत दोष होते. एखादे पात्र चुकीच्या जागी उभे राही, एखादे वाक्य कधीच उच्चारले जात नसे, क्वचित खेळ मध्येच अडून बसे. नव्या इंजिनाच्या कर्त्यांनी असे दोष ठिकठिकाणी दुरुस्त केले. येथे संपादनाचे दोन आदर्श समोर उभे राहतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी आपली ओवी तीत घालू नये असे बजावले. परंतु कोणते पाठ आपण सोडले, याची नोंद त्यांनी आपल्यासाठी ठेवली नाही. उलट भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वगळलेले पाठ तळटीपांत व परिशिष्टांत नोंदलेले आहेत, आणि जेथे संपादकाची पूर्ण खात्री नाही तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ आहे. पहिला आदर्श भाविक वाचकाची सोय पाहतो, दुसरा अभ्यासकाची.

स्कमव्हीएमच्या कर्त्यांनी प्रदीर्घ काळ या दोहोंच्या मधला मार्ग धरला. प्रत्येक दुरुस्ती आज्ञावलीच्या मसुद्यात टिपणासह नोंदलेली असे, आणि बदलांचा सारा इतिहास कर्त्याच्या नावासह व तारखेसह उघड्यावर होता. या दृष्टीने त्यांची शिस्त पुष्कळ छापील ग्रंथांना लाजविणारी आहे. परंतु खेळणाऱ्याच्या पडद्यावर यांतले काहीच उमटत नसे. त्याच्या लेखी दुरुस्त पाठ हाच मूळ पाठ होय. अलीकडील आवृत्त्यांत यांपैकी बऱ्याच सुधारणा स्वतंत्र पर्याय म्हणून वेगळ्या काढल्या आहेत आणि त्या स्वीकाराव्यात की नाकाराव्यात हे खेळणाऱ्यावर सोडले आहे. हा बदल दिसावयास लहान असला तरी तत्त्वतः फार मोठा आहे, कारण त्याने सोयीची प्रत आणि प्रामाणिक प्रत यांतील भेद प्रथमच वाचकासमोर ठेवला.

दुसरा प्रश्न पाठभेदांचा. ‘मंकी आयलंड’ (१९९०) या खेळाच्या सोळा रंगांच्या, दोनशे छप्पन्न रंगांच्या आणि पुढे सीडीवर निघालेल्या अशा निरनिराळ्या प्रती आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. फ्लॉपीवरील प्रतीत अरण्यातील एका बुंध्यात डोकावताच अस्तित्वातच नसलेली २२ व्या क्रमांकाची तबकडी घालण्याची सूचना येई. तबकड्या बदलून त्रासलेल्या खेळाडूची ती थट्टा होती. सीडीवर तिला अर्थ उरला नाही आणि ती गळून पडली. स्कमव्हीएम फाइलीच्या आरंभीच्या भागावरून गणिती ठसा काढून प्रत कोणती हे ओळखते. हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीचेच हे रूप होय. परंतु जेथे पाठाचा अर्थ त्याच्या भौतिक उपकरणात गुंतलेला असतो, तेथे इंजिन अपुरे पडते. त्या खेळाबरोबर कागदी चकती येत असे आणि तिच्यावरील चेहरे जुळविल्याखेरीज आत प्रवेश नसे. स्कमव्हीएम हा पहारा अनेक खेळांत आपण होऊन वगळते आणि हवा असल्यास परत आणू देते. पहारा नकली प्रतींविरुद्ध होता हे खरे. परंतु ग्रंथाच्या उंबरठ्यावरची ती एक विधीही होती, आणि तिच्याविना मिळणारे वाचन किंचित वेगळे असते हे नाकारता येत नाही.

हक्काचा प्रश्नही टाळता येत नाही. या स्वयंसेवकांनी केवळ वाचक नव्याने घडविला; हक्काधीन संहिता ते वाटत नाहीत, ती ज्याची त्यानेच मिळवावयाची. आपल्या प्रताधिकार कायद्यातही (१९५७) १९९९ च्या दुरुस्तीने, कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास स्वतंत्र आज्ञावलीची मूळ आज्ञावलीशी सांगड घालण्यापुरती आवश्यक ती माहिती मिळविण्याची मुभा दिलेली आहे. ग्रंथाची मालकी आणि वाचनाची किल्ली या दोन वस्तू भिन्न आहेत, हा विवेक त्यामागे दिसतो.

हा विचार दूरदेशीच्या खेळांपुरताच आहे, असे कोणी समजू नये. १९९० च्या दशकापासून मराठी अक्षरजुळणी संगणकावर होऊ लागली. अक्षरांच्या संकेतांचे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले असूनही व्यवहारात निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळे टंक प्रचारात आणले आणि प्रत्येकाने अक्षराला आपला क्रमांक दिला. त्या टंकांत लिहिलेले प्रबंध, गौरवग्रंथ आणि नियतकालिके आज टंकाविना उघडली असता रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा दिसतो. पोथी आहे, वाचक नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत. पण जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नोंदली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे स्थानही असेच बदलते. क्रम लावताना एक नियम चुकला तर ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते आणि अपपाठ मूळ पाठ म्हणून रूढ होतो.

म्हणून स्कमव्हीएमपासून मराठीच्या विभागांनी घ्यावयाचा धडा तीन नियमांचा आहे. मूळ फाइल जशीच्या तशी जपावी; रूपांतराची आज्ञावली सर्वांना तपासता येईल अशी खुली ठेवावी; आणि संशयित स्थळ मुकाट्याने शुद्ध न करता खुणेने दाखवावे. परदेशी स्वयंसेवकांनी चाच्यांच्या आणि भुतांच्या कथांसाठी एवढे कष्ट उपसले. आपल्याच प्रबंधांची अक्षरे आपल्या डोळ्यांदेखत मुकी होत असता तेवढे कष्ट आपल्यालाही घेता आले पाहिजेत. कारण पुढच्या पिढीत ही किल्ली शोधावयाची वेळ आली, तर प्रत्येक वेळी एखादा राजवाडे मिळेलच असे नाही.