‘सिव्हिअर’ला मराठीत काय म्हणायचं?

डिंभ्यात आज आम्ही एकाच इंग्रजी विशेषणावर बोलणार आहोत: सिव्हिअर. लॅटिनमधून आलेला हा शब्द मुळात करड्या, कठोर स्वभावाचा. मराठीत त्याला एकच प्रतिशब्द नाही, आणि त्याची गरजही नाही. थंडी कडाक्याची, शिक्षा कडक, मार जबर. बोलताना कुणी अडत नाही. अडतं ते सरकारी कागदावर.

ऑक्टोबर 2018 मध्ये राज्यात 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला: 112 तालुक्यांत ‘गंभीर’, 39 मध्ये ‘मध्यम’. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेतल्या या पायऱ्या. संहितेप्रमाणे केंद्राची मदत ‘गंभीर’लाच. म्हणजे विशेषणावर पैसा ठरतो. पण मराठीत ‘गंभीर’ ही पायरी नाहीच. संस्कृतात त्याचा अर्थ खोल, आपल्याकडे चेहरा गंभीर, प्रसंग गंभीर. त्यामुळे ‘मध्यम दुष्काळ’ ऐकणाऱ्या शेतकऱ्याला वाटतं, आपलं दुखणं कुणी गांभीर्यानं घेतलंच नाही.

कुपोषणात तर घोळ आणखी मोठा. डॉक्टरांच्या भाषेत ‘ॲक्यूट’ म्हणजे अलीकडचं, झपाट्यानं आलेलं, जुनाटच्या उलट. आपण त्याला ‘तीव्र’ केलं. मग ‘सिव्हिअर’साठी शब्द उरला नाही, म्हणून ‘अतितीव्र’. आणि त्याखालचं मूल ‘मध्यम तीव्र’! आता धरणाच्या वरच्या अंगाच्या आदिवासी गावातल्या आईनं काय समजायचं, मध्यम की तीव्र? खरं तर माप साधं आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते ‘सॅम’. साडेअकरा ते साडेबाराच्या आत, तर ‘मॅम’. पट्टीवर तर लाल-पिवळा रंगही असतो. पट्टी बोलते, शब्द मात्र बोलत नाही.

कुणी म्हणेल, कारभाराला ठरीव शब्द लागतोच. मान्य. सगळीकडे एकच शब्द नसला तर याद्या जुळायच्या नाहीत. आमचं म्हणणं एवढंच, की तो शब्द फाइलीत राहू द्या, पण माणसापुढे माप आणि पुढचं काम सांगा. “मूल झपाट्यानं वाळलंय, दंड अकरा भरला, आजच दवाखान्यात न्या.” यात एकही विशेषण नाही, तरी आईला सगळं कळतं. आणि दुष्काळाच्या यादीतही ‘मध्यम’ लिहिलं, तर का लिहिलं आणि त्यामुळे काय मिळणार नाही, ते त्याच ओळीत छापा.