उथळ कुंडीतले नांदरूक

बोन्साय पाहताना नजर बहुधा शेंड्यावर जाते आणि हिरव्या पसाऱ्यात अडकते. नांदरूक मात्र मातीपासून वर वाचत जावे. एका प्रदर्शनात पाहिलेले दीड हात उंचीचे नांदरूक मला आवडले ते त्याच्या बुंध्यापाशीच. मुळे चहूबाजूंनी पसरलेली, कुठेही एकमेकांवर चढलेली नाहीत, आणि बाहेर जाता जाता दुभंगत मातीत शिरणारी. हा पसारा आपोआप होत नाही. दर वेळी कुंडी बदलताना खाली जाणारी मुळे कापायची, आडवी राखायची, गोल फिरलेली सोडवून सरळ पसरायची आणि बुंधा थोडा थोडा मातीबाहेर काढायचा. इतकी वर्षे हे मातीखालचे काम कुणालाही दिसत नसताना केलेले होते.

पाटीवर 'फायकस रेटुसा' असे लिहिले होते. नर्सरीपासून प्रदर्शनापर्यंत हे नाव सर्रास चालते. मिलानजवळ पाराबियागोला १९९१ साली सुरू झालेल्या क्रेस्पी बोन्साय संग्रहालयातला, हजार वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वृक्षही याच नावाने प्रसिद्ध आहे. पण बाजारात या नावाने मिळणारी बहुतेक झाडे फायकस मायक्रोकार्पा, म्हणजे आपले नांदरूकच असतात. पान खुडल्यावर येणारा पांढरा चीक, कोवळ्या शेंड्यावरचे टोकदार आवरण आणि ते गळल्यावर डहाळीवर उरणारे कडे, एवढ्यावरून झाड वड-पिंपळ-उंबराच्या गोतातले हे कळते. पुढचे पानाला विचारावे. नांदरुकाचे पान जाडसर, तुकतुकीत आणि टोकाला बोथट असते. त्याच्या शेजारी विकल्या जाणाऱ्या फायकस बेंजामिनाचे पान पातळ, टोक लांब निमुळते आणि शिरा बारीक व दाट. फळे पाहायला मिळाली तर पानाच्या बगलेत, बहुधा जोडीने, देठाशिवाय चिकटलेली दिसतात.

या झाडावर अशी फळांची एक जोडी ठेवली होती. छाटणीने आणि उन्हाने पान लहान करता येते, फळ मात्र आपला आकार सोडत नाही, म्हणून प्रदर्शनाआधी ती काढून टाकण्याचा प्रघात आहे. ती राहू दिली याचा मला आनंद झाला. झाड कोण आहे हे ती फळे पाटीपेक्षा खरे सांगत होती.

आता फांद्या. अनेक जण नांदरुकाला पाइनचा घाट देतात: फांद्या तारेने खाली ओढायच्या आणि वर त्रिकोणी शेंडा करायचा. पाइनच्या फांद्या बर्फाच्या भाराने वाकतात. आपल्या रस्त्याकडेच्या नांदरुकावर बर्फ कधी पडला? ते आडवे पसरते, सावली धरते आणि फांद्यांची टोके उजेडाकडे उचलते. या झाडाच्या मुख्य फांद्या तशाच निघाल्या होत्या. सुरुवातीला जवळजवळ आडव्या, मध्ये हलकासा हेलकावा, टोकाशी उचललेल्या. इथे तारेने वळण दिले होते, पण आज्ञा झाडाच्या स्वभावाची पाळली होती.

अशा वळणासाठी ॲल्युमिनियमची तार पुरते. तिची जाडी फांदीच्या साधारण तिसऱ्या भागाइतकी असावी, वेढे पंचेचाळीस अंशांच्या कोनात पडावेत, आणि जिथे वाकवायचे तिथे तार वळणाच्या बाहेरच्या बाजूला यावी. एकच तार दोन फांद्यांना मिळून बांधली की दोन्ही एकमेकींना आधार देतात. नांदरुकाच्या कोवळ्या फांद्या सहज वळतात, जून झाल्या की बेचक्यातून चिरतात. खरी कसोटी पावसाळ्यात लागते. फांदी भराभर फुगते आणि पाहता पाहता तार सालीत रुतते. ती उलगडत बसू नये, कात्रीने वेढ्यावेढ्याला तोडावी. खरबरीत सालीत असा वण लपून जातो, नांदरुकाच्या गुळगुळीत राखाडी सालीवर तो वर्षानुवर्षे दिसतो. या झाडाच्या डाव्या पहिल्या फांदीवर तसा नागमोडी वण आहे. झाडात दोष एवढाच.

बारीक डहाळ्यांना तार लागलेलीच नव्हती. त्या छाटूनच घडवलेल्या होत्या: वाढू द्यायचे, दोन पानांवर कापायचे, पुन्हा वाढू द्यायचे. दक्षिण चीनमधल्या लिंगनान परंपरेने ही रीत फार उंचीला नेली. तिच्यामुळे डहाळीला जे कोन मिळतात, ते तारेच्या गोलाईत सापडत नाहीत.

झाडाला पारंब्या तीन. दमट हवेत त्या सुटतात, आणि ओल्या शेवाळाने भरलेल्या नळीतून खाली आणल्या तर कोरड्या गावातही मातीपर्यंत पोचतात. माती धरली की पारंबी आक्रसते आणि ताणल्यासारखी सरळ होते. इथे एक पारंबी खोडाला चिकटून त्यातच मिसळली होती, दोन मोकळ्या, उजव्या फांदीखाली. त्या मोजक्या ठेवल्या म्हणून खोड झाकले गेले नाही.

कुंडी बिनचकाकीची, तपकिरी, अंडाकृती. कुंडीची लांबी उंचीच्या दोन तृतीयांश असा नेहमीचा हिशेब, पण रुंद पसरणाऱ्या या झाडाला तो तोकडा पडला असता. इथे लांबी उंचीएवढी आणि खोली बुंध्याच्या जाडीपेक्षाही किंचित कमी होती. झाड मध्यापासून डावीकडे सरकवलेले, त्यामुळे उजव्या फांदीखाली पारंब्यांना जागा आणि डोळ्याला विसावा मिळाला. आत चाळलेले विटांचे बारीक तुकडे आणि शेणखत. झाड तारेने कुंडीच्या तळाला बांधलेले, कारण हलणाऱ्या झाडाची तंतुमुळे तुटतात. हे सारे काम उन्हाळा सरताना, पावसाच्या तोंडावर केले की नांदरूक लवकर सावरते.

डाव्या फांदीला एक पावसाळा मोकळे वाढू दिले तर वण बराच भरून येईल. बाकीच्या झाडाला मी कात्री लावणार नाही.