बंडवाल्यांचे पोवाडे

ज्याला सरकारनें दरोडेखोर ठरवून फांशी दिली त्यालाच डफावर राजा म्हणून गावें, ही आमच्या लोकांची रीत जुनी आहे. आणि तिच्याकडे पाहून सुशिक्षितांनीं नाक मुरडावें, हीहि रीत तितकीच जुनी आहे. या दोहोंपैकीं एकीचा पक्ष घेण्याची आम्हांस निकड वाटत नाहीं. पोवाडा म्हणजे कांहीं न्यायाधीशाचा निकाल नव्हे. शाहिरानें आपल्या नायकावर प्रेम करावें, हें त्याचें कामच आहे. आम्हांस विचारावयाचें आहे तें निराळें : बंडवाल्याचें गाणें गातांना आमचे शाहीर त्याच्या बंडाचें कारण गातात काय ?

प्रश्नास निमित्त कसबा बावड्यांतील एका फडाचें झालें. पंचगंगेच्या कांठचें हें गांव आतां कोल्हापूर शहरांत मोडतें. पण राजाराम कारखाना, उंसाच्या गाड्या आणि तालमी यांमुळें त्याचा गांवपणा अद्याप पुसलेला नाहीं. तेथील एका गल्लींत, उत्सवाच्या मंडपापुढें, उमाजी नाइकाचा पोवाडा आम्हीं गेल्या वर्षीं ऐकला. फड मोठ्या नांवाचा नव्हे. दिवसा आपापल्या कामावर जाणारीं पांच-सहा माणसें रात्रीं फेटे बांधून उभीं राहिलेलीं. बिदागीहि बेताचीच असावी. अशा फडाचें परीक्षण कोणी लिहीत नाहीं, म्हणूनच तें लिहावेंसें आम्हांस वाटलें.

प्रथम गुणांविषयीं. शाहिराचा आवाज खडा, उच्चार स्वच्छ, डफावरची थाप नेमकी. परंतु फडाचा खरा जीव झीलकऱ्यांत होता. शाहिरानें ओळ टाकावी आणि तिचा शेवट झीलकऱ्यांनीं ‘जी जी’ करीत उचलून धरावा, ही पोवाड्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे; तिचें कार्य मात्र क्वचितच लक्षांत घेतलें जातें. तेवढ्या अवधींत शाहीर दम घेतो, हें खरें. पण श्रोताहि तेवढ्याच अवधींत ओळीला रुकार देतो. झीलकरी हा श्रोत्यांचा मुखत्यार होय; तो जें उचलतो तें साऱ्या गल्लीनें मान्य केल्यासारखें होतें. त्याच्या तोंडीं शाहीर कोणता शब्द देतो, ही म्हणूनच लहान बाब नव्हे. चौकांच्या मधलें गद्य बोलणेंहि या शाहिरास उत्तम साधतें. फितुरांची खबर घेतांना त्यानें निवडणुकीवर मारलेला टोला आम्हांसहि हसवून गेला.

असें असूनहि कथेनें आमचें समाधान झालें नाहीं. उमाजी जन्मला, वाढला, धनिकांस लुटून गरिबांस वाटूं लागला, फितुरीनें पकडला गेला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास फांशी गेला. एवढ्यांत सारें संपलें. नांव बदललें तर हें चरित्र कोणत्याहि बंडवाल्यास चालेल. खरें चरित्र याहून कितीतरी गुंतागुंतीचें आहे. उमाजी पुरंदरच्या रखवालीचें काम वंशपरंपरेनें करणाऱ्या रामोशी कुळांतला. काळ पालटला तशी ती जुनी मिरास गेली, आणि ज्यांनीं गड राखला त्यांसच चोर म्हणण्यांत येऊं लागलें. उमाजीच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशनें १८३३ सालीं रामोशांविषयीं ग्रंथ प्रसिद्ध केला. १८२८ च्या सुमारास सरकारनें उमाजीस माफी देऊन चाकरीस ठेविलें होतें. पुढें तो पुन्हां बंडांत उतरला. ज्याच्याशीं वैर त्याचीच चाकरी पत्करावी आणि तीहि झुगारावी, याहून अधिक नाट्य शाहिरास कोठें मिळणार ? पण नायकास कमीपणा येईल या भीतीनें कीं काय, हा भाग अजिबात गाळलेला. फ्रान्सिस चाइल्ड या अमेरिकन पंडितानें आपल्या संग्रहांत रॉबिन हूडचीं ३८ कवनें दिलीं आहेत. त्यांतील सर्वांत दीर्घ कवनांत रॉबिन राजाच्या चाकरीस जातो, सव्वा वर्षानें कंटाळतो आणि रानांत परततो. त्यामुळें तो इंग्रज श्रोत्यांच्या मनांतून उतरल्याचें ऐकिवांत नाहीं.

अमेरिकेंत तर १९७० नंतरच्या दशकांत वेलन जेनिंग्ज, विली नेल्सन प्रभृति गवयांनीं स्वतःसच बंडवाल्यांचें नांव लावून घेतलें, आणि १९७६ सालच्या त्या नांवाच्या तबकडीच्या दहा लाख प्रती खपल्या. त्यांचें बंड मुख्यतः नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रण-संस्थांविरुद्ध होतें. मद्यगृहांतून गाणाऱ्या त्या मंडळींच्या गळ्याला फांस लागण्याचें भय नव्हतें. बावड्याचा शाहीर ज्याचें गातो त्याला तो लागला.

आणि रामोशी हा शब्द ? दोन तासांच्या गाण्यांत तो एकदाच आला, तोहि वाटेंतला खडा ओलांडावा तसा. माणसास जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा १८७१ सालीं आला, १९११ सालीं देशभर पसरला आणि १९५२ सालीं रद्द झाला. उमाजी बंड करून कायद्याबाहेर गेला. पुढच्या पिढ्यांतील कित्येकांस कांहीं न करितांच बाहेर घालण्यांत आलें, आणि पोलिसांपुढें हजेरी देत त्यांचा जन्म गेला. हें गावयास बावड्यासारखें दुसरें स्थळ नाहीं. शाहू महाराज १८७४ सालीं ज्या लक्ष्मी-विलास राजवाड्यांत जन्मले तो याच बावड्यांत आहे. आणि आपल्या संस्थानांतील महार, मांग, रामोशी व बेरड यांची हजेरी महाराजांनींच १९१८ सालीं बंद केली. शाहिरानें आरंभींच्या नमनांत महाराजांस मुजरा केला, तो योग्यच होता. पण मुजरा आणि कथा यांस जोडणारा धागा त्यास दिसला नाहीं.

तो दिसला वाटेगांवच्या अण्णाभाऊ साठे यांस. तेहि शाहीरच, अमर शेख व गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक गाजविलेले. पण बंडवाल्याची कथा सांगण्यास त्यांनीं डफ बाजूस ठेवून ‘फकिरा’ ही कादंबरी लिहिली (१९५९). तींत हजेरीचा जाच आणि पोटांतली भूक प्रथम येते, लूट मागाहून. त्यामुळें लुटीचें समर्थन करीत बसावें लागत नाहीं. फडावर हें जमणार नाहीं, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. दोन नवे चौक पुरेत : एक चाकरीचा, एक हजेरीचा. ‘हजेरी’ हा शब्द या झीलकऱ्यांनीं उचललेला ऐकावयास आम्ही पुन्हां बावड्यास जाऊं.

जातां जातां एक किरकोळ तक्रार. ध्वनिक्षेपकाचे मोठाले कर्णे लावल्यामुळें डफ आणि ढोलकी कानठळ्या बसवीत होतीं, आणि तुणतुणें मुळींच ऐकूं येत नव्हतें. तें वाजविणारे वृद्ध गृहस्थ तार कानाशीं धरून दोन तास उभे होते. शाहिरानें त्यांच्यापुढें एक स्वतंत्र ध्वनिग्राहक ठेवावा.