हेर, प्रेयसी आणि सून

हेरकथांचे वेड आमच्या पिढीला बाबूराव अर्नाळकरांनी लावले आणि गुरुनाथ नाईकांनी वाढवले. उदगीरसारख्या गावात त्या कादंबऱ्या भाड्याने आणाव्यात आणि एका बैठकीत संपवाव्यात, असा तो काळ होता. त्यांतील स्त्री-हेर मात्र आमच्या फारशी लक्षात राहिली नाही. नायकाला मोहात पाडावे, नाहीतर त्याच्या मिठीत विसावावे, याहून वेगळे काम तिला क्वचितच मिळे.

या साच्याचा जगप्रसिद्ध नमुना म्हणजे इयन फ्लेमिंगच्या 'कसिनो रॉयल' (१९५३) मधील व्हेस्पर लिंड. ब्रिटिश हेरखात्यातील ही तरुणी जेम्स बाँडची सहकारी होते, मग प्रेयसी. बाँड तिच्याशी लग्न करण्याचे योजीत असतानाच ती झोपेच्या गोळ्या घेऊन जीव देते. रशियनांच्या तावडीतील आपला पोलिश प्रियकर जगावा म्हणून ती त्यांना बातम्या पुरवीत होती, हे तिच्या पत्रातून कळते. एकासाठी तिने देशाशी द्रोह केला, दुसऱ्यासाठी मरण पत्करले! एवढी मोठी शोकांतिका फ्लेमिंग एका पत्रात उरकतो आणि बाँडच्या तोंडी तिच्यासाठी एक शिवी घालून पुस्तक मिटवतो. आम्हांला हा लेखकाचा पळपुटेपणा वाटतो.

याउलट हरिंदर सिक्का यांच्या 'कॉलिंग सेहमत' (२००८) या इंग्रजी कादंबरीची नायिका. 'राझी' (२०१८) या चित्रपटाने ती घरोघरी पोहोचवली. १९७१ च्या युद्धाआधी ही काश्मिरी मुलगी पाकिस्तानी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करते, ते हेरगिरीसाठीच. सासरचे तिला सून म्हणून जवळ करतात आणि त्याच घरातून ती बातम्या धाडते, प्रसंगी जीवही घेते. आपण टाळ्या वाजवतो.

व्हेस्परला शिवी आणि सेहमतला टाळ्या, हे कसे? विश्वासघात तर दोघींनीही केला. उदगीरच्या वाचकाला हे समजणे अवघड जाऊ नये. १७६० मध्ये येथे मराठे आणि निजाम लढले. पेशव्यांच्या गोटात जो बातमीदार निष्ठावंत ठरावा, तोच निजामाच्या गोटात फितूर. सेहमतच्या धैर्याला आम्ही कमी लेखत नाही. परंतु लग्नात दिलेला शब्द राष्ट्रकार्यासाठी खोटा दिलेला चालतो काय, हा प्रश्न टाळ्यांच्या गजरात हरवू नये.

सर्व संपल्यावर ती मायदेशी परतते, तेव्हा पती मेलेला असतो आणि त्याचे मूल तिच्या पोटात असते. आम्ही सर्वांत जास्त थांबलो ते तिथे.