ओळख कोणी पटवायची?

दलित साहित्याने ‘ओळख’ या शब्दाचा दाहक अर्थ उघड केला. गावाला आमची ओळख कधी विचारावी लागली नाही. पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीशी ती न सांगता पटत होती. मतदान केंद्रावर मात्र त्याच माणसाकडे कागद मागितला जातो. म्हणून नियमांचीही समीक्षा व्हावयास हवी.

१९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतील नियम ३६ पाहा. प्रतिनिधीने मतदाराच्या ओळखीस हरकत घेतली, तर त्याने आधी २ रुपये भरावयाचे आणि हरकतीचा पुरावाही आधी त्याने द्यावयाचा. हरकत सिद्ध झाली नाही तर मतदार मत देतो. ती खोडसाळ ठरली तर पैसे जप्त होतात. येथे माणसावर विश्वास आधी आहे. सिद्ध व्हावयाचे आहे ते संशयाला.

१९९३ पासून छायाचित्र ओळखपत्र आले. त्याला सरसकट नकार देणे अप्रामाणिक ठरेल. मतदार पोचण्याआधीच त्याच्या नावावर दुसऱ्याने मत दिले, तर नियम ४२ प्रमाणे त्याला प्रदत्त मत देता येते. पण ते मोजणीत धरले जात नाही. ही चोरी छायाचित्राने अवघड केली. दुबळ्याच्या मताचे ते रक्षणच आहे.

परंतु रक्षणाचे साधन हीच प्रवेशाची अट झाली. २०१९ पासून नुसती मतदार चिठ्ठी ओळखीला पुरत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ओळखपत्राऐवजी १२ दस्तऐवज मान्य होते. त्यांत आधार आणि रोजगार हमीचे जॉबकार्ड होते, हे योग्यच. पण पासपोर्ट, पॅनकार्ड, निवृत्तिवेतनाचे कागद ही कोणाच्या घरातली मिळकत? पालावरच्या, झोपडीतल्या माणसाकडे जे काही कागद असतात ते एकाच पत्र्याच्या पेटीत असतात. आगीत वा पुरात पेटी गेली, की सारे पर्याय एकदम जातात. यादीतले नाव तेवढे उरते.

१९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा मत मालमत्तेला बांधलेले होते. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने ते दावे तोडले. आता कागद ही नवी मालमत्ता होऊ नये. छायाचित्र मतदार यादीत मतदाराचा चेहरा छापलेला असतो आणि ती यादी अधिकाऱ्याच्या हाती असते. माणूस समोर उभा असतो. दोन्ही जुळत असतील, तर मत द्यावयास मिळालेच पाहिजे. ज्याला संशय असेल त्याने २ रुपये भरावेत आणि पुरावा द्यावा.