हॅम्लेट आणि ऑफीलिया : दोन उन्माद

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात वेड लागलेली, अथवा लागल्यासारखी दिसणारी, पात्रे दोन आहेत. त्यांपैकी हॅम्लेटच्या मनःस्थितीची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्याचे वेड खरे की ते केवळ सोंग, हा प्रश्न शेक्सपिअर-समीक्षेतील एक स्थायी प्रश्न होऊन बसला. १९०० साली फ्रॉइडने आपल्या स्वप्नमीमांसेत त्याच्या मनाचा वेध घेतला आणि १९४९ साली अर्नेस्ट जोन्सने त्याच विवेचनाचा स्वतंत्र ग्रंथ केला. ऑफीलियाचे वेड मात्र दीर्घकाळ एक करुणरम्य प्रसंग म्हणून वाखाणले गेले. त्याचा अर्थ लावण्याची निकड फारशी कोणास वाटली नाही. नायकाकडे अधिक लक्ष जाणे स्वाभाविकच होय, हे या तफावतीचे नेहमीचे स्पष्टीकरण. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. ही तफावत मुळात नाटकातील राजवाड्यातच आहे. समीक्षेने ती नकळत पुढे चालविली, एवढेच.

हॅम्लेटचे बोलणे विसंगत होताच सारा दरबार त्यामागील अर्थ शोधू लागतो. पोलोनियसला त्या विसंगतीतही एक सूत्र जाणवते. राजा क्लॉडियस त्याच्या बालमित्रांना बोलावून घेतो आणि थोरांचे वेड दृष्टीआड होऊ देणे धोक्याचे आहे, असे बजावतो. शिवाय नाटककाराने हॅम्लेटला स्वगते दिली आहेत. आपल्या मनाची उलटतपासणी तो स्वतःच करू शकतो. हे वेड त्याच्या सोयीचेही आहे. आपण केवळ कावा म्हणून वेडे झालो आहोत, असे तो आईला सांगतो. अखेरच्या अंकात लेअर्टीझची क्षमा मागताना मात्र जो अपराध घडला तो आपण नव्हे, आपल्या वेडाने केला, असे म्हणतो. वेड पांघरण्याची आणि उतरवून ठेवण्याची ही मुभा त्याला आहे. तिचे मोल दुसऱ्या कोणास द्यावे लागते, हे पाहण्यासाठी ऑफीलियाकडे वळले पाहिजे.

पहिल्या अंकात भाऊ आणि पिता दोघेही तिला हॅम्लेटपासून दूर राहण्याचा उपदेश करतात. हॅम्लेटच्या प्रेमाविषयी काय समजावे ते आपल्याला कळत नाही, असे ती म्हणते. त्यावर पोलोनियस तिला स्वतःस अजाण बालक समजण्यास सांगतो, आणि ती आज्ञा शिरोधार्य मानते. पुढे तिला हॅम्लेटसमोर उभे करून राजा आणि पोलोनियस आडून ऐकत राहतात. त्या भेटीनंतर तिच्या वाट्यास एकुलते एक छोटे स्वगत येते. तेही हॅम्लेटच्या उद्ध्वस्त बुद्धीविषयी आहे. शुद्धीवर असलेल्या ऑफीलियाला एकांत मिळाला असताही ती बोलते दुसऱ्याच्याच मनाविषयी. तिच्या पुढील वेडाचे बीज या तपशिलात पाहावे लागते.

चौथ्या अंकात ती येते तेव्हा पिता मारला गेलेला आहे, आणि तोही तिच्या प्रियकराच्या हातून. त्याचे दफन घाईने व गुपचूप उरकले आहे. हॅम्लेटची इंग्लंडला रवानगी झाली आहे. भाऊ फ्रान्सहून अद्याप तिच्यापुढे आलेला नाही. ज्यांच्या आज्ञा अथवा इच्छा यांवर तिचे जीवन बेतलेले होते ते तिन्ही पुरुष एकाच वेळी नाहीसे झाले आहेत. तेव्हा ती गाऊ लागते. तिची काही गीते मृताविषयी आहेत, तर एक विवाहाचे वचन देऊन फसविल्या गेलेल्या कुमारिकेचे आहे. दरबारात उच्चारणे अशक्य असलेले दोन विषय, लपविलेला मृत्यू आणि स्त्रीची कामवासना, वेडाच्या आश्रयाने प्रथमच उघड होतात. राणी तिला भेटण्यास प्रथम तयार नसते. ऐकणाऱ्यांच्या मनात ती भलते संशय पेरील, या भीतीने तिला आत येऊ दिले जाते. तिच्यावर नजर ठेवण्याची आज्ञा राजा देतो. पण ती बंदोबस्तासाठी, अर्थ शोधण्यासाठी नव्हे. त्याने निदान आधीच केले आहे : पित्याचा शोक. दुसऱ्या गीताचा या निदानात कोठेच समावेश होत नाही. लेअर्टीझला बहिणीच्या यातनांतही लावण्य दिसते. एकाने तिच्या बोलण्याचा अर्थ आटोपला, दुसऱ्याने त्याचे सौंदर्यात रूपांतर केले. ऐकले कोणीच नाही.

या भेदामागे तत्कालीन वैद्यकही होते. विषण्णता हा विद्वान व कुलीन पुरुषांना शोभणारा विकार मानला जाई. टिमथी ब्राइटचा त्यावरील प्रबंध १५८६ सालचा आहे. रॉबर्ट बर्टनच्या १६२१ सालच्या प्रसिद्ध ग्रंथात पुढील आवृत्तीत कुमारिका, जोगिणी व विधवा यांच्या विषण्णतेचे स्वतंत्र प्रकरण आले. त्यात मुख्य उपाय विवाह हाच सांगितला आहे. पुरुषाची विषण्णता चिंतनातून उद्भवणारी आणि स्त्रीची देहातून, अशी ही विभागणी होती. १६०३ सालच्या मुद्रित प्रतीत ऑफीलिया केस मोकळे सोडून, वाद्य वाजवीत, गात प्रवेश करते, अशी रंगसूचना आहे. स्त्रीचे वेड अशा रीतीने आधी डोळ्यांना दिसते.

गाणे व फुले ही स्त्रीच्या वेडाची निसर्गदत्त लक्षणे आहेत, असा मात्र समज करून घेऊ नये. संस्कृत साहित्यशास्त्रात उन्माद हा व्यभिचारी भाव आहे आणि तो नायकासही वर्ज्य नाही. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीया’च्या चौथ्या अंकात राजा पुरूरवा उर्वशीच्या विरहाने वनात भटकतो, पशुपक्ष्यांना तिचा ठाव विचारतो आणि लतेला आलिंगन देतो. परंतु पुरूरव्याचा उन्माद त्याला प्रियेकडे व राज्याकडे परत नेतो. ऑफीलियाचा तिला प्रवाहात नेतो. तेव्हा भेद लक्षणांत नाही. उन्मादातून परतण्यासाठी समाजाने कोणाला वाट ठेवली आहे, यात आहे.

नाट्यसंकेताचा प्रभाव रंगभूमीपुरता राहिला नाही. वेड्यांच्या इस्पितळात बेड्यांविना उपचार करण्याचा पुरस्कार करणारे वैद्य जॉन कॉनली यांनी १८६३ साली हॅम्लेटवर एक पुस्तक लिहिले; इस्पितळांत ऑफीलिया सहज ओळखू येतात, असे त्यांचे म्हणणे होते. १८७८ साली ही भूमिका करण्यापूर्वी एलन टेरी या अभिनेत्रीने अशा एका संस्थेस भेट दिली. तेथील रुग्ण तिला फार नाटकी वाटले. सहृदय वैद्यदेखील रुग्णेकडे साहित्याने घडविलेल्या प्रतिमेतून पाहत होता. प्रतिमा ओळखली, की रुग्णेचे म्हणणे ऐकण्याचे कारण उरत नाही.

मराठी वाचकास या प्रश्नाचे सूत्र आपल्याच भाषेत सापडते. गोपाळ गणेश आगरकर यांनी केलेले या नाटकाचे भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्याला त्यांनी नायकाचे नाव न देता ‘विकारविलसित’ हे नाव दिले. ‘विकार’ शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत : मनातील प्रबळ भावना आणि रोग. हॅम्लेटच्या बाबतीत वाचक पहिला अर्थ घेतात, ऑफीलियाच्या बाबतीत दुसरा. आगरकरांच्या शीर्षकात असा पंक्तिभेद नाही. शेक्सपिअर स्त्रियांचा कैवारी होता, असे सिद्ध करण्याची येथे गरज नाही. त्याने दोन्ही उन्माद एकाच राजवाड्यात शेजारी-शेजारी ठेवले आणि कोणाचे बोलणे ऐकले जाते ते दाखविले, एवढे पुरेसे आहे. ऑफीलियाच्या गीतांना हॅम्लेटच्या स्वगतांइतकेच अवधान देणे, ही दया नव्हे. संहितेच्या प्रामाणिक वाचनाची ती किमान अट आहे.